अक्काच्या हातचा लाखी

रंगाऱ्याच्या पोरींना हळद चढत नाही, असं आमची आई म्हणायची, आणि त्यात तक्रारीपेक्षा तोराच जास्त असायचा. खरंच चढत नसे. आमचे हात बाराही महिने कसल्या ना कसल्या रंगात असायचे. नखांच्या कडांना निळा, तळव्याच्या रेघांत लाल. शाळेत बाई हात पुढे करायला सांगायच्या आणि माझे बघितले की "धुऊन ये" म्हणायच्या. मी नळावर जायची, धुवायची, आणि तेच हात परत घेऊन यायची. कन्नड मुलखातल्या आमच्या कब्बनपेटेच्या गल्लीत सगळी घरं विणकरांची होती. सकाळी माग सुरू झाले की जेवणवेळेपर्यंत खटखट थांबत नसे. पाहुण्यांची त्या आवाजाने झोप उडायची, आमची तो थांबला की उडायची. गल्लीत रंगारी आम्ही एकटे आणि मराठी बोलणारेही आम्ही एकटेच. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेमागून तंबू आणि झुली रंगवत इकडे आले आणि राहिले, एवढंच घरात माहीत होतं. त्याच्या आधीचं गाव कोणतं, हे विचारलं की अप्पा म्हणजे माझे वडील आकाशाकडे हात करायचे.

आमचं मराठीही काही पुण्याचं नव्हतं. निम्मं कन्नडच त्यात. पण ते आमचं कुलूप होतं. विणकर आपल्या रेशमाच्या लडी घेऊन यायचा आणि कुणी बदलेल म्हणून रंगाच्या हंड्यासमोरच बसून राहायचा, आणि अप्पा त्याच्यादेखत खुशाल ओरडायचे, "हिरडा झाला का गे? चिंच आता नको, स्वल्प थांब!" त्याला ओ की ठो कळायचं नाही. कळलं असतं तर त्याने घरीच चूल पेटवली असती. रेशीम त्याचं, बायको त्याची, पाणी त्याचं, मग रंगारी कशाला? म्हणून घरात दोन नियम होते. हंड्यापाशी मराठीच बोलायचं, आणि रंगाचं काहीही कधीही लिहायचं नाही. "तोंडातलं घरात राहतं," अप्पा म्हणायचे, "कागदावरच्याला पाय फुटतात." मी इंग्रजी शाळेत जाणारी घरातली पहिली मुलगी. मला हे ऐकून हसू यायचं.

मी लहान असताना परसात निळीचे रांजण जमिनीत पुरलेले होते आणि त्यांच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं. लाल रंगासाठी लाख कुटायचं उखळ होतं, मंजिष्ठाची पोती होती. हे सगळं कंपनीने चार-पाच वर्षांत घालवलं, आणि बळजबरी अशी कुठेच केली नाही. कंपनी परदेशातली. आमच्या घरात तिला नाव नव्हतं, नुसतं कंपनी. तिचे मूर्ती नावाचे गृहस्थ सायकलवरून यायचे, इस्त्रीची पँट, कपाळाला अक्षत. त्यांच्याजवळ एक जाड पुस्तक होतं. पानापानावर रेशमाचे रंगीत गोंडे चिकटवलेले आणि प्रत्येकाखाली नंबर. पहिले डबे त्यांनी फुकट दिले. दोन दिवसांचं काम दोन तासांत व्हायला लागलं आणि अप्पा इतके खूश झाले की त्यांनी मूर्तींना जेवायलाच बसवलं. मग चिक्कपेटेतले साडीवाले व्यापारी 'डाळिंबी द्या' म्हणायचं सोडून 'बावीस नंबर द्या' म्हणायला लागले. निळीचे रांजण बुजवले. आईने त्यावर कढीपत्ता लावला, तो मात्र कधी नीट आला नाही. उखळ कुणी नेलं ते आठवत नाही. गरजच काय होती, असंच सगळ्यांना वाटत होतं, मलाही.

एके दिवशी मूर्ती आले आणि पुस्तकातल्या एका पानावर त्यांनी पेन्सिलीने फुली मारली. तो लाल होता, लग्नाच्या साड्यांचा, ज्याच्यावर आमच्या घराची चूल चालायची. हा आता येणार नाही, म्हणाले. अप्पांनी विचारलं, का? मूर्ती म्हणाले, तिकडे खपत नाही, तिकडच्या बायकांनी तो रंग सोडला. अप्पा म्हणाले, "पण इकडे तर खपतो की!" मूर्ती फार सभ्य माणूस. त्यांनी पुस्तक मिटलं आणि हळूच विचारलं, "अप्पाजी, इकडे म्हणजे किती?" मला वाटतं, आपण किती लहान आहोत हे अप्पांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. समुद्रापलीकडे कुठल्याशा बाईने तांबडा झगा शिवायचं थांबवलं आणि कब्बनपेटेत आमचा हंडा रिकामा झाला. परतीची वाटही नव्हती. लाख कशी शिजवायची ते अप्पांचे हात विसरले होते आणि व्यापाऱ्यांना दोन दिवस थांबायची सवय राहिली नव्हती.

इथे अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. तिला शिमोग्याला दिली होती. नवऱ्याने दुसरी केली आणि अक्का एक ट्रंक घेऊन परत आली, त्यावर आमच्या घरात कुणी एक शब्द बोललं नाही. तो न बोलण्याचा भार आईपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर होता. अक्का भिंतीला धरून चालायची, शेवटी जेवायची, आपलं ताट आपण घासायची. अण्णा, आम्हा दोघींच्या मधला भाऊ, तेव्हा लग्नाचा होता. मुलीकडचे बघायला आले की अक्का परसात जाऊन बसायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण डोळा असा होता की दोन सारख्या लडींतली कोणती काल रंगवलेली आणि कोणती आज, हे ती दारातून सांगायची. लाल बंद झाल्यावर अप्पा डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा ती उठली आणि कुणाला न विचारता हंड्यापाशी गेली. आठ-दहा दिवस तिचं काय चाललं होतं देव जाणे. उकळून मऊ केलेलं रेशीम ती आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवायची. मग कंपनीचा शेंदरी आणि त्यात थोडा जांभळा. आणि रंग धरायला डब्याबरोबर आलेल्या ॲसिडऐवजी चिंचेचं पाणी, तेही एकदम नाही, तीनदा, मध्ये थांबून थांबून. शेवटी जी लडी तिने काठीवर वर काढली तिच्याकडे बघून अप्पा उभे राहिले. तो मूर्तींच्या पुस्तकातला लाल नव्हताच. जुना लाखेचा लाल होता तो, खोल, उन्हात धरला तर आतून पेटल्यासारखा. अप्पांनी लडी घेतली आणि तसेच चिक्कपेटेत गेले.

बाजारात त्याला 'अप्पांचा लाखी' असं नाव पडलं. मात्र त्या हंगामापासून अक्का आमच्याबरोबर जेवायला बसू लागली. आई तिच्या मुद्द्यावर, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यावर, तुपाची धार सोडायची. तसं तूप घरात फक्त पुरुषांना मिळे, म्हणून ते मला चांगलं लक्षात आहे. थंडीत अवरेकाईचे, म्हणजे वालाचे, दाणे भिजवून चिमटीने सालं काढायचं काम असे. घमेलं मध्ये ठेवून आम्ही दोघी बसायचो, दाणा बोटातून सुटकन उडाला की ती हसायची. तेव्हाच एकदा म्हणाली, "लाखी आहे तोवर मी आहे गे या घरात." अगदी साध्या आवाजात, जसं पाणी आलं का विचारावं. मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, "तुला कळत नाही ते बरंय."

मग पाऊस चुकला, एकदा नाही, लागोपाठ. रेशनच्या दुकानात बोटीचा गहू यायला लागला. अमेरिकेचा, तांबूस, कधी कधी कुबट वासाचा. गल्लीभर त्याला बोटीचा गहूच म्हणत, आणि बोट उशिरा आली की दुकानावर पाटी लागायची. आम्ही भाताचे आणि मुद्द्याचे लोक. आईच्या चपात्या अशा व्हायच्या की अण्णा त्या टेबलावर आपटून दाखवायचा. "पोटात त्यांचं, हंड्यात त्यांचं," अप्पा म्हणायचे, "आपलं म्हणजे आता नुसतं पाणी." त्याच उन्हाळ्याच्या शेवटी समोरच्या विणकराच्या रेडिओवर सांगितलं की सरकारने रुपयाची किंमत उतरवली. सगळी गल्ली ओट्यावर जमली होती. कुणीतरी विचारलं, आपला रुपया आपणच का उतरवला? अप्पा म्हणाले, "ज्याच्याकडे हात पसरतो तो कान धरणारच." दुसऱ्या दिवसापासून कंपनीचे डबे दिसेनासे झाले. बोटीने यायचं ते सगळं महाग, आणि परमिटशिवाय काही मिळेना. मूर्ती सायकल गल्लीच्या तोंडाशीच ठेवून आत यायचे, हात जोडायचे, आणि रिकाम्या पिशवीने परत जायचे. शेंदरी संपला. जांभळ्याच्या डब्याचा तळ अक्काने चमच्याने खरवडला. हंड्याखालची चूल विझली ती अकरा दिवस पेटली नाही. अक्का पुन्हा शेवटी जेवायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं.

अशा वेळी कंपनीचा एक गोरा साहेब आला. चिक्कपेटेत एका दुकानात त्याने लाखी साडी बघितली होती. रंग त्याच्याच कंपनीचे, हे त्याला ओळखू आलं, पण ती छटा त्याच्या पुस्तकात नव्हती. त्याने मूर्तींना धरलं आणि मूर्तींनी त्याला आमच्या घरी आणलं. उंच, उन्हाने नाक सोललेलं, आणि आमच्या दारातून वाकून येताना तरीही डोकं आपटलं. तो वाईट माणूस होता असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हता. तो हंड्याशेजारी उकिडवा बसला, काठी हातात घेतली, थंड राखेला बोट लावलं, आणि त्याच्या नखांच्या कडाही आमच्यासारख्याच रंगलेल्या होत्या. लाखीची एक जुनी लडी अप्पांनी त्याला दाखवली. ती घेऊन तो परसात उजेडात गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर त्याने इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं? मूर्तींनी कन्नडमध्ये सांगितलं. अप्पा म्हणाले, मी. साहेबाने पुढचं विचारलं, आधी काय घालता? आणि अप्पांनी नकळत अक्काकडे बघितलं. साहेब शहाणा होता. तो वळला आणि थेट तिला म्हणाला, मी बारा वर्षं हेच रंग बनवतोय, ते असे दिसू शकतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही हे कसं केलंत? मूर्तींनी तेही सांगितलं. अक्का पदर धरून दाराआड उभी होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

जाताना साहेबाने ती लडी मागून घेतली आणि मूर्तींनी एक छापील फॉर्म ठेवला. काय, किती, कोणत्या क्रमाने, किती वेळ. तो भरून दिला तर या हंगामापुरते डबे परमिटची वाट न बघता मिळतील, म्हणाले. साहेबांनी शब्द दिलाय. ते गेल्यावर अप्पा बराच वेळ तो फॉर्म उलटासुलटा करत बसले. अण्णा म्हणाला, देऊन टाका, चूल तर पेटेल. अप्पांनी मला बोलावलं आणि मराठीतच, दार लावून, सांगितलं, "हे बघ, तुझं इंग्रजी आता कामाला येऊ दे. शेंदरी लिही, जांभळा लिही, ते त्यांचंच आहे. हिरडा लिहू नको. चिंच लिहू नको. त्यांच्या ॲसिडचं नाव घाल आणि मोकळी हो. कळलं?" मी म्हटलं, कळलं. अप्पा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कंपनीला फसवायचं म्हणून त्यांना उत्साह आला होता.

फॉर्म मी मागच्या ओट्यावर बसून भरायला घेतला. अक्का शेजारी येऊन बसली. मी सहज विचारलं, शेंदरी किती गे घालतेस? तिने सांगितलं. मग थांबलीच नाही. हिरडा किती, तो आदल्या संध्याकाळी का भिजवायचा, चिंच जुनी का हवी, पहिलं पाणी घातल्यावर किती काठ्या फिरवायच्या, दुसऱ्याच्या आधी चुलीतली लाकडं का ओढायची. ती बोलत होती आणि मी लिहीत होते. मधे एकदा मला अप्पांचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला तो फॉर्म पूर्ण भरायचा होता. रिकाम्या चौकटी मला शाळेत कधी सहन झाल्या नाहीत. आणि साहेबाला दिसायला हवं होतं की या घरात कुणीतरी 'tamarind' चं स्पेलिंग न चुकता लिहू शकतं. फॉर्ममध्ये वजन विचारलं होतं आणि अक्काचं माप मूठ. म्हणून मी तिला हिरड्याच्या तीन मुठी तीन कागदांत बांधून द्यायला लावल्या आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे जाऊन तोलल्या. तिन्ही पुड्यांना काटा एकाच जागी थांबला. किराणावाला म्हणाला, कुणाची मूठ आहे ही, मला पाठव तिला दुकानात. मी ते घरी येऊन अक्काला सांगितलं, ती खूप हसली. मग मी वजन लिहिलं, फॉर्मची घडी घातली आणि अप्पांना दिला. त्यांनी तो वाचल्यासारखा बघितला आणि मूर्तींना दिला.

डबे आले. शब्द पाळला त्यांनी. चूल पेटली, तो हंगाम पार पडला, अण्णाचं लग्नही झालं. अप्पा येईल-जाईल त्याला डोळे मिचकावत सांगायचे की गोऱ्यांना अर्धाच धडा दिलाय. मी तिथून उठून जायची.

आता मी एचएसआर लेआउटमध्ये मुलाकडे राहते, चौथ्या मजल्यावर. नातू रोज व्हाइटफील्डला जातो, त्याची कंपनी अमेरिकेची. मध्ये त्याने काहीतरी नवं शोधून काढलं म्हणून ऑफिसात टाळ्या वाजवल्या, केक कापला. मी विचारलं, मग ते आता तुझं का? तो म्हणाला, "छे गं आजी, जॉइन होतानाच सही केलीय. जे सुचेल ते सगळं कंपनीचं." त्याला त्यात काही वाटलं नाही. निदान त्याला कागद आधी वाचायला दिला होता.

तो फॉर्म दिल्यावर वर्ष-सव्वा वर्षाने मूर्ती नवा डबा घेऊन आले. कंपनीने मुंबईजवळ कारखाना काढला होता. परमिट नको, बोट नको, डब्यावर ठळक अक्षरांत भारतात बनवलेला असं लिहिलेलं. अप्पांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डब्याला नमस्कार केला. झाकणावर लाखी रंगाचा गोंडा चिकटवलेला होता. तो बघून त्यांचा हात तसाच राहिला. मूर्ती खाली बघत म्हणाले, नवा नंबर आहे, लग्नाच्या साड्यांसाठी. आत लाल पूड होती आणि शेजारी पांढऱ्या मिठाची एक पुडी. हिरड्याचं काम करणारा तपकिरी रंग लाल भुकटीतच मिसळलेला होता. चिंचेचं काम ते पांढरं मीठ करत होतं. गरम पाण्यात ते आपणच सावकाश आंबट होत जायचं, थांबून थांबून काही ओतायची गरज नव्हती. हे मला कागदावरून कळलं, कारण कागदही मीच वाचला. अप्पांनी हंडा चढवायला सांगितला. अक्काने सगळं कागदाप्रमाणे केलं, एकदाच पाणी, एकदाच पूड. लडी वर काढली, परसात नेली, आपली जुनी लडी शेजारी धरली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "बरोबर आहे. काही फरक नाही."

अप्पा म्हणाले, "लबाड आहेत. लडी नेली होती ना त्याने, तिच्यावरून हुडकलं असणार." ते मरेपर्यंत तसंच समजत होते. मी त्यांना सांगितलं नाही. धीर झाला नाही, हे एक. आणि मग इतके दिवस गेले की सांगणं म्हणजे नुसता त्रास झाला असता, हे दुसरं. महिन्याभरात विणकर यायचे कमी झाले. समोरच्या घरातून, ज्याच्या रेडिओवर आम्ही रुपयाची बातमी ऐकली होती, लाखीची वाफ यायला लागली. त्याची बायको माझ्या आईला परसातून हाक मारून विचारायची, काठी किती वेळ फिरवायची हो? आणि आई सांगायची, शेजारधर्म म्हणून. अण्णाने एकदा जेवताना म्हटलं, आता हंड्यापाशी एका माणसाचं काम, आणि घरात हात चार. नाव कुणाचं घेतलं नाही. वहिनी वाढत होती, तिने तूप अप्पांना वाढलं आणि भांडं आत नेलं.

मूर्तीच शेवटी उपाय घेऊन आले. कंपनीला गावोगावी विणकरांच्या घरांत डबा वापरून दाखवायचा होता, आणि घरात चुलीपर्यंत पुरुषाला कोण येऊ देणार? बाई हवी होती, हात बसलेली. अप्पा भिंतीकडे तोंड करून निजले. अण्णा म्हणाला, सरी, बरं आहे, जाऊ दे की, बसून काय करणार आहे. अक्काने फक्त एवढंच विचारलं की कागद कोण वाचणार. मी म्हटलं, मी येते. माझी परीक्षा संपली होती.

दोड्डबळ्ळापूरला पहिलं घर ठरलं होतं. आठ-दहा बायका जमल्या होत्या, कडेवर पोरं, सगळ्या विणकरांच्या. मी कागद वाचायची, अक्का करून दाखवायची. तिने ट्रंकेतली चांगली साडी नेसली होती आणि बाह्या वर सारल्या होत्या. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, कन्नडमध्ये, खणखणीत. काठी अशी धरा, लडी गुंतू देऊ नका, वास आला तर घाबरू नका. एका म्हातारीने तर आपल्या सुनेला ओढून पुढे बसवलं. लडी वर आली तेव्हा सगळ्या बायका एकदम "अय्यो!" म्हणाल्या. सून म्हणाली, "एवढंच? मग इतकी वर्षं आम्ही रेशीम घेऊन रंगाऱ्याच्या दारात का बसत होतो?" सगळ्या हसल्या. अक्काही हसली. मला हसता आलं नाही. आमच्या घराचं दार आमच्याच हातांनी लावून घ्यायला आम्ही बसने तिकीट काढून आलो होतो, आणि न येऊन करणार काय होतो?

परत येताना स्टँडवर बसला वेळ होता. अक्का नळावर हात धूत होती. मी तिथेच, लोकांच्या रांगेत, तिला सांगून टाकलं. अप्पांनी हिरडा आणि चिंच लिहू नको म्हणून बजावलं होतं, आणि मी लिहिलं. लडीवरून त्यांना काही कळलं नाही, माझ्यामुळे कळलं. तुझं घरातलं ताट मी उचललं. मी रडत होते. मागची बाई म्हणाली, काय झालं हो पोरीला.

अक्का हात धूतच राहिली. मग पदराला पुसत म्हणाली, "मला म्हाइत आहे. दाराआड मी ऐकलं होतं, अप्पा काय सांगत होते ते."

मी विचारलं, मग मला सगळं का सांगत बसलीस? गप्प का नाही राहिलीस?

"तो साहेब विचारत होता ना, कसं केलंत म्हणून." ती माझ्याकडे न बघता नळ बंद करत होती. "घरात कुणी विचारलंच नव्हतं गे."

बस आली. आम्ही चढलो, जागा मिळाली, तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं. पाच वर्षं मी तिच्या हंड्याशेजारी बसून अभ्यास केला होता, तिच्या हातचं जेवले होते, तिच्या लाखीवर माझी शाळा चालली होती. मीही विचारलं नव्हतं. विचारलं ते फॉर्म भरायचा होता म्हणून.